आमच्या वाटणीचं गवत

हल्ली शिमगा जवळ आला की आमच्या सड्यावर गाड्या येऊन उभ्या राहतात. रत्नागिरीतून येतात, कोल्हापुरातून येतात, कधी पुण्यातूनही. गळ्यात दुर्बिणी, डोक्याला टोप्या, अंगात मातीच्या रंगाचे कपडे. माझ्या दारात येऊन विचारतात, "आजी, ते भोवत्या पक्षी कुठे उतरतात हो?" मी म्हणते, "वाऱ्याला विचारा." ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारी विनोदी आहे. म्हातारी विनोदी नाही, म्हातारीला राग येतो. तास-दोन तास वाऱ्यात उभं राहून ओठ फुटले की हीच माणसं माझ्या पडवीत बसून पाणी मागतात आणि वर म्हणतात, किती शांत आहे इथे! सून म्हणते, तुमचा स्वभावच तिरसट. असेल. पण तिरसट स्वभाव काही आभाळातून पडत नाही. तो घरात शिजतो, आणि माझ्या लहानपणी आमच्या घरात दुसरं फारसं काही शिजत नव्हतं.

सडा म्हणजे आमच्या डोंगराचा माथा, जांभ्याच्या कातळाची सपाटी. झाड नाही, आडोसा नाही. कातळावर जिथे वीतभर माती साचली आहे तिथे गवत, बाकी सगळा उघडा काळा दगड. पश्चिमेला सडा एकदम तुटतो आणि खाली समुद्र दिसतो. पूर्वेला गडगा, म्हणजे दगड रचून घातलेलं कुंपण, गडग्याच्या आत हापूसची कलमं आणि कलमांच्या खाली आमचं घर. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, दुपार कलली की तोच उलटा फिरून समुद्राकडून आमच्या अंगावर येतो. मधे घटकाभर तो पडतो तेवढंच. या वाऱ्यानं आमच्या पडवीचा पत्रा रात्रंदिवस वाजायचा. त्याला दगड बांधले, तार बांधली, तरी वाजायचा. थोरले काका पलीकडून ओरडायचे, "पत्रा वाजतोय तो बंद करायला सांग तुझ्या आयशीला!" जसा काही आईच बसून वाजवत होती.

घर एकच होतं, मधे कुडाची भिंत घालून त्याची दोन केली होती. माजघर, ओटी, पुढचं अंगण आणि सगळी कलमं काकांकडे. पाठची पडवी, एक चूल आणि सड्यावरच्या गवताचा एक पट्टा आमच्याकडे. वाटणी आजोबांच्या माघारी काकांनीच केली होती आणि माझ्या बाबांनी मान डोलावली होती. बाबा मुंबईला गोदामात हमाली करत. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचं पुढे त्यांनी सोडलं. आले तरी मोठ्या भावासमोर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. काकीचं स्वयंपाकघर कुडाला लागून होतं. तिकडे ओल्या काजूगरांची उसळ शिजली की वास थेट आमच्या चुलीवर यायचा, आणि आमच्या चुलीवर कुळथाची पिठी असायची. आई त्या दिवशी पिठीला लसणाची फोडणी मुद्दाम जास्त घालायची, वासाला वास म्हणून. मग नाचणीची भाकरी, भाजलेलं सुकट आणि कच्चा कांदा. जेवताना आम्ही दोघी बोलायचो नाही. बोललेलं पलीकडे ऐकू जायचं.

आई काकांशी बोलत नसे. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही ही रीतच होती. दोघं हातभर अंतरावर उभी असली तरी निरोप माझ्यामार्फत जायचा. "सांग काकांना, गोठ्याचं पाणी आमच्या दारात येतंय." काका ते ऐकत असायचे, तरी मी सांगेपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "सांग तुझ्या आयशीला, पाणी उतारावर जातं. उतार मी नाय केला." अशी मी दिवसभर दोघांच्या मधे उभी. माझ्या वयाच्या इतर मुली गाणी पाठ करायच्या, माझ्या तोंडी हे निरोप पाठ झाले. पोचवताना मी त्यात थोडं मीठमसाला घालत असे, हे मात्र दोघांनाही माहीत होतं.

आता भोवत्यांचं. हे नावही मला पुढे कितीतरी वर्षांनी त्या दुर्बीणवाल्यांपैकी एकानं सांगितलं. आम्ही त्यांना सड्यावरच्या घारी म्हणायचो, आणि त्या घारी नव्हेत हे दिसत असूनही म्हणायचो. घार उंच फिरते. ही जमिनीला पोट लागेल इतकी खालून येते. नर राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. थंडीत एखाददुसरी दिसायची. पण शिमग्याच्या सुमाराला, थंडी सरली की दक्षिणेकडून त्या परतीला निघायच्या आणि जाता जाता आमच्या सड्यावर मुक्कामाला थांबायच्या. सूर्य बुडायला आला की एकेक करून समुद्रावरच्या वाऱ्याला तोंड देत, कलंडत, पुन्हा सावरत यायच्या आणि उभ्या गवतात चक्क जमिनीवर झोपायला उतरायच्या. उतरल्या की भांडायच्या. एक बसली की दुसरी तिला उठवणार, तिसरी दोघींवर धावून जाणार. एवढा सडा पडलेला असताना त्यांना तोच एक कोपरा हवा असायचा. मला त्या आवडायच्या का, तर आवडायच्या म्हणण्यापेक्षा ओळखीच्या वाटायच्या. सकाळी त्या गेल्यावर मी गवतात जाऊन बघायची. बसलेल्या जागी गवत वाटीसारखं दबलेलं आणि त्यात टोळांच्या तंगड्यांच्या गोळ्या ओकलेल्या. मग एक दिवस असा उजाडायचा की संध्याकाळी एकही यायची नाही. गेल्या म्हणून समजायचं.

त्या फक्त आमच्याच पट्ट्यात उतरायच्या, कारण उभं गवत फक्त आमचंच असायचं. बाकी सगळ्यांचं दिवाळीनंतर कापून व्हायचं, काही गुरांना, काही आंब्याच्या पेट्यांत घालायला. आमच्याकडे कापायला माणूस नव्हता. आई एकटी जमेल तेवढं कापायची, उरलेलं तसंच. संध्याकाळी गडग्यावर माझ्या शेजारी टेकून ती एकदा म्हणाली, "आपल्याकडे माणूस नाय म्हणून यांचं फावलंय." तिचा विनोद असाच असायचा, ऐकणाऱ्याला हसू येऊ नये असा.

हे उरलेलं गवत जाळायची गावात रीत होती. पालखी घरोघर फिरून देवळात परतली की गावकर दिवस सांगायचा. गावकर म्हणजे गावच्या मानाचा पहिला माणूस. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या गडग्यालगतचं गवत बेणून मोकळा पट्टा काढायचा आणि ठरल्या सकाळी, वारा समुद्राकडे वाहत असताना, गडग्याकडून पेटवायचं. आग कलमांकडे पाठ करून कड्याकडे धावायची आणि तिथल्या उघड्या कातळावर विझायची. ठरल्या दिवसाआधी कुणी काडी ओढली तर तो गावाचा गुन्हेगार, कारण त्या दिवसांत आंबा झाडावर भरलेला असतो. आणि ज्याचं गवत त्यानंच पेटवायचं. सलग तीन वर्षं दुसऱ्या कुणी पेटवलं आणि मालकानं ऐकून घेतलं, तर वहिवाट त्या दुसऱ्याची. कागद कुणाकडे होता? हात कुणाचा लागला एवढंच गाव बघायचा.

बाबांनी शिमग्याला येणं सोडलं, तेव्हापासून दोन वर्षं आमचा पट्टा काकांनी पेटवला होता. आईला वाटलं होतं, घरचा माणूस, उपकार करतोय. माझी दहावीची परीक्षा संपली त्या वर्षी उपकाराचा उलगडा झाला. जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीसाठी जागा बघत फिरणारा एक माणूस काकांच्या ओटीवर चहा पिऊन गेला, आणि शिमग्याचा होम पेटला त्या संध्याकाळी काका चारचौघांत बोलले, "सड्यावरचा धाकट्याचा पट्टा मीच पेटवतंय. यंदाचा तिसरा." आमच्याकडे नारळाचं झाड नव्हतं, आंब्याचं नव्हतं. तो पट्टा गेला असता तर गाय विकावी लागली असती, आणि गाय गेल्यावर पाठच्या पडवीत राहायला आम्हाला काय कारण उरणार होतं? मुंबईला परत जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर आईनं बाबांना निरोप धाडला, दोन दिवसांसाठी या, काडी ओढा आणि जा. उत्तर आलं, "दादा बघतील काय ते." आईनं ते ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड इतक्या जोरात आत सारलं की निखारे बाहेर आले. त्या माणसाचा, माझ्या बापाचा, मला आजही राग येतो. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

दुसऱ्या दिवशी अंगणात काका दातवण करत होते. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मला म्हणाली, "सांग काकांना, यंदा आमचा गवात मी पेटवनार. माझ्या हातानं."

मी सांगितलं. काका चूळ भरून हसले. "सांग तुझ्या आयशीला, बायल मानसानं सडा पेटवलेला या गावात कुनी बघितला नाय. लुगडा पेटवून घेशील म्हनावं."

"सांग काकांना, पेटला तर माझा पेटंल."

मी आईला हळूच म्हटलं, घारी अजून गेल्या नाहीत, थोडं उशिरा पेटवू या. ती माझ्यावर फिरली. "तुझ्या घारींचं घेऊन बसतंस? आपल्याला बसायला जागा नाय ऱ्हायची!" मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. ठरला दिवस अजून दोन दिवसांवर होता, आणि सकाळी पेटवायच्या वेळेपर्यंत घारी उडून गेलेल्या असतात हे मला कळायला हवं होतं. पण रागात एवढं कळत नाही.

संध्याकाळी मी गडग्याला पाठ लावून गवताच्या कडेला बसले. वारा पडला होता. उकडत होतं. घारी येऊन उतरल्या होत्या, त्यांची नेहमीची भांडणं आटपत आली होती. आणि एकाएकी पट्ट्याच्या पार त्या टोकाच्या, कड्याकडच्या, सगळ्या एकदम उठल्या. किर्रकिर्र ओरडत उठल्या. मग मधल्या उठल्या, मग माझ्या समोरच्या. मी उभी राहिले तर कड्याकडे धूर, आणि धुराच्या बाजूनं काका चालत होते. हातात माडाच्या सुक्या झापांची पेटती चूड. ती ते गवताला टेकवत जात होते.

त्यांचा डाव मला तिथेच कळला. कड्याची बाजू वाडीतून दिसत नाही. वारा पडलेला आहे, घटकाभरात सगळं जळून जाईल, आणि सकाळी गावाला सांगता येईल, यंदाही मीच पेटवलं, जरा लवकर. आंब्याला धग लागली नाही म्हटल्यावर नारळाच्या दंडावर भागेल. पण घाईत हा माणूस एक विसरला होता. दिवस आला नव्हता म्हणून गडग्यालगतचा पट्टा कुणी बेणला नव्हता. माझ्या पायाखालपासून त्यांच्या चुडीपर्यंत सगळं सलग वाळलेलं गवत होतं, आणि गडग्याच्या आत त्यांच्याच कलमांखाली गुडघाभर सुका पाला. तेवढ्यात समुद्राकडून वारा पुन्हा उठला. आग उभी होती ती वाकली आणि कलमांच्या दिशेनं चालू लागली. काका ओरडले. चूड टाकून ते गवत उपटायला, खांद्यावरच्या पंचानं आग झोडपायला लागले. एकट्या माणसाच्या झोडपण्यानं ती आग काय थांबणार होती!

मी घराकडे धावले. "आई, काकांनी पेटवलं! वारा उठला!" आईनं एकदा सड्याकडे बघितलं. मला वाटलं हंडा उचलेल. तिनं कोपऱ्यातला झाप उचलला, मोडला, चुलीत घालून पेटवला आणि ती पेटती चूड घेऊन कलमांमधून वर धावली. मला वाटलं रागानं हिचं डोकं फिरलं, ही आता कलमंच पेटवणार. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. पेटू देत, असंच वाटलं. पण ती गडगा चढून पलीकडे उतरली आणि गडग्याला धरून, खाली वाकून, आमच्याच गवताला या टोकापासून त्या टोकापर्यंत आग लावत गेली. "पोती भिजवून आण! ठिणगी आत पडली की मार!" असं ती ओरडत होती. तिची आग वाऱ्याविरुद्ध रांगत पुढे सरकली, सावकाश, पण गडग्यालगत काळी जमीन मोकळी करत गेली. आम्ही दोघी भिजल्या पोत्यांनी गडग्यावरच्या ठिणग्या मारत राहिलो. काकांची मोठी आग धावत आली, मधे तिला आईची आग भेटली, एकदा दोन्ही मिळून माडाएवढ्या उठल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या. कलमांचं एक पान करपलं नाही.

घारी धुरावर फिरत होत्या. खाली यायच्या, पुन्हा उठायच्या. अंधार पडेपर्यंत फिरल्या आणि मग उत्तरेकडे गेल्या. काका धुरातून आले, खोकत, भुवया जळलेले. आईकडे त्यांनी बघितलं नाही. आपल्या कलमांकडे बघितलं आणि खाली निघून गेले.

सकाळी मी वर गेले. सडा काळा, मधूनमधून धूर. एकच मादी मागे राहिली होती. राखेवरून ती फिरत होती आणि होरपळलेले सरडे उचलत होती. माझ्यासारखी ती रडतबिडत नव्हती. पोट भरून तीही गेली.

धूर गावानं बघितलाच होता. दुपारी गाव सहाणेवर बसला. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, गावाचं सगळं बोलणं तिथेच होतं. पुरुष समोर, बायका मागे पिंपळाखाली. गावकर वयस्कर होता, आवाज बारीक, पण सगळे गप्प बसून ऐकत. त्यानं विचारलं, "दिसाच्या आधी सडा कुनी पेटवलान?"

काका उभे राहिले. जळलेल्या भुवयांनिशी उभे राहिले आणि बोट मागे करून म्हणाले, "आमच्या धाकट्याच्या बायकोनं. मी धावलो म्हनून कलमां वाचली."

मी उठायला लागले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, कडा, चूड, वारा, सगळं. आईनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. मग मला खाली दाबून ती स्वतः उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "मीच पेटवला."

बायकांत कुजबुज झाली. थोरला दीर समोर बसलेला, गाव समोर बसलेला, आणि ही सरळ बोलते. गावकरानं हात वर केला. "कुनाच्या सांगन्यावरनं?"

"कुनाच्या नाय. आमच्या वाटनीचा गवात, माझ्या हातानं पेटवला. चूक झाली ती दिसाची. देव सांगंल तो दंड देतंय."

गावकर बराच वेळ काकांकडे बघत राहिला. भुवयांकडे बघत असावा. मग त्यानं सावकाश विचारलं, "तुझा हात नाय ना लागला त्यात? देवासमोर बोलतंस."

आता काका अडकले. हो म्हणावं तर गावाचा गुन्हेगार, शिवाय आत्ता बोललेलं खोटं. नाही म्हणावं तर… ते त्यांच्या लक्षात आलं ते मी त्यांच्या मानेच्या शिरेवर बघितलं. पण तोंडातून निघून गेलेलं परत कसं घेणार?

"नाय," ते म्हणाले. "तिनंच."

"मग वहिवाट तिची," गावकर म्हणाला. "नारळ ठेवा."

आईनं नारळ ठेवला. गावकर उभा राहिला, सगळा गाव हात जोडून उभा राहिला, आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं. अशा वेळी एकेका वाक्याला सगळ्यांनी मिळून होकार द्यायचा असतो. गप्प राहील तो देवाचं बोलणं मोडतो, अशी गावाची समज.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीनं, तिच्या वाटनीचा सड्यावरला गवात…"

"व्हय म्हाराजा!"

"…तिच्या सोताच्या हातानं पेटवलान…"

"व्हय म्हाराजा!"

"…दिसाची चूक पोटात घाल, आनि तिचा ता तिच्या हाताखाली राख!"

मी देवाकडे बघत नव्हते. हात जोडून काकांच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या दोन वेळा त्यांचे ओठ नुसतेच हलले होते. शेजारच्या माणसानं त्यांच्याकडे मान वळवली, मग त्याच्या पलीकडच्यानं. तेव्हा सगळ्या गावाच्या मागून, एकट्यानं, जरा उशिरा, काका म्हणाले,

"व्हय म्हाराजा."